नऊ ग्रॅमची घट

काट्यावर चारशे तीन आलं. मी खोकं उचललं, काटा शून्यावर आणला, पंखा बंद केला आणि खोकं पुन्हा ठेवलं. चारशे तीन. खोक्याच्या तळाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने, गेल्या गणपतीतली तारीख होती आणि पुढे चारशे बारा. मी भिंग लावून बघितलं, कारण माझा दोन आणि माझा तीन कधी कधी सारखे दिसतात असं माझी बायको ममता म्हणते. बारा ते बाराच होते. नऊ ग्रॅम कमी. आमच्या पेढीवर नऊ मिलिग्रॅमसाठी माणसं एकमेकांच्या आईबापापर्यंत जातात, आणि इथे माझ्या घरात, माझ्या कुलपाच्या आत, नऊ ग्रॅम नाहीसे झाले होते. छातीतल्या टाक्यांच्या जागी काहीतरी ओढलं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन महिने कसलाही ताण नको. मी मे महिन्याच्या भर दुपारी, दारं-खिडक्या लावून, बनियनवर, एका विमानाचं वजन करत बसलो होतो.

विमान म्हणजे विमानाचे तुकडे. पाण्यावर उतरणारं एक जुनं समुद्री विमान, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडात कुठेतरी प्लास्टिकच्या साच्यात ओतलेलं आणि अजूनपर्यंत कुणी न जोडलेलं. खोक्यावर रंगीत चित्र, आत करड्या प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले भाग, पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, घडीचा कागद. अशी सदतीस खोकी माझ्या लोखंडी कपाटात आहेत. लोक विचारतात, जोडत का नाही? मी सांगायचं सोडून दिलं आहे. जोडलेलं विमान हजारांच्या घरी असतं, धूळ खातं, शेपूट मोडतं. न उघडलेलं खोकं मात्र जगातून रोज एकेक कमी होत जातं, आणि जे राहतं त्यात ते पन्नास वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारचं काहीतरी अजून कुणी हात न लावलेलं पडून असतं. हे ममताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, मग खोकं रिकामं असलं तरी काय फरक पडतो?" तेव्हा मी हसलो होतो. नंतर तीन रात्री मला झोप लागली नाही आणि म्हणूनच मी वजनं करायला लागलो. आम्हा खोकी जमवणाऱ्यांतली ती पद्धतच आहे. खोकं उघडायचं नाही, तर आत सगळं आहे हे कसं कळणार? वजनावरून. घेणारा विकणाऱ्याला सांगतो, काट्यावर ठेव आणि फोटो पाठव. गणपतीत पेढीला दोन दिवस सुट्टी होती, बाहेर पाऊस लागून राहिला होता, भिंती घाम आल्यासारख्या ओलसर झाल्या होत्या, आणि मी सदतीसच्या सदतीस खोकी मोजून चिठ्ठ्या लावल्या. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

माझं पोटच संशयावर भरतं, हे मी नाकारत नाही. जळगावच्या सराफ बाजारात गेली सव्वीस वर्षं मी मोडीच्या काउंटरवर बसतो. लोक जुने दागिने घेऊन येतात, हे आजीचं आहे, शुद्ध आहे म्हणतात, आणि मी आजीकडे न बघता कडीच्या सांध्याकडे बघतो. सांध्यात जोडाचा टाका जास्त असतो, सोनं कमी. पोकळ बांगडीत लाख असते. माणूस बोलायला लागला की मी त्याच्या अंगठ्याकडे बघतो, कारण खोटं बोलणाऱ्याचा अंगठा दागिन्यावरून सुटत नाही. सोन्याचं एक बरं असतं, ते आपोआप घटत नाही. पेटीत ठेवा, विहिरीत टाका, शंभर वर्षांनी काढा, तेवढंच भरतं. कमी भरलं तर मधे कुणाचा तरी हात आलेला असतो. हे माझ्या हाडात गेलं आहे. ऑपरेशननंतर मी स्वतः साडेचार किलोंनी कमी भरलो, त्याचं मला काही वाटलं नव्हतं, हे मला आत्ता, हे लिहिताना, लक्षात येतं आहे.

त्या दुपारी मी दुसरं खोकं काढलं. सहा ग्रॅम कमी. तिसरं, चार. एक मोठं जहाज होतं, ते चौदा ग्रॅमनी कमी. संध्याकाळपर्यंत सदतीसही झाली आणि एकही खोकं पूर्ण भरलं नाही. शहाण्या माणसाने इथे थांबून डोकं खाजवलं असतं. मी नाही खाजवलं. मला लगेच कळलं की हे भुरट्या चोराचं काम नव्हे. भुरटा एक खोकं उचलून नेतो. हा जाणकार होता. प्रत्येकातून थोडं थोडं घ्यायचं, म्हणजे कशातच डोळ्यावर येत नाही. पेढीवर मी असा एक कारागीर पकडला होता, दर मंगळसूत्रातून दोन-दोन मणी काढणारा. मी भिंग लावून कडा बघितल्या. खोक्यांच्या दोन्ही टोकांना कंपनीनेच लावलेली गोंदाची पट्टी असते. गणपतीत त्या पट्ट्या पक्क्या होत्या, मला स्पष्ट आठवत होतं. आता अकरा खोक्यांवर त्यांची टोकं उचललेली होती, कडक होऊन वर वळलेली. कुणीतरी नखाने सोडवून परत दाबून बसवलं होतं. मला उचकी लागली. पट्टी जरा ओढून आत बघता आलं असतं, पण मी बघितलं नाही. आत सगळं निघालं असतं तर मी माझ्या हाताने खोकं उघडलं असतं, आणि काही नसतं तर मग काय राहिलं असतं? मी ती परत एकावर एक रचली आणि कपाटाला कुलूप लावलं. मग कुलपाकडे बघत बसलो.

कारण या कुलपाची दुसरी किल्ली बारा दिवस माझ्या धुळ्याच्या मित्राकडे, नवलभाऊंकडे होती, आणि ती मीच दिली होती. एप्रिलमध्ये नाशिकला माझी छाती उघडायची ठरली तेव्हा मी घाबरलो होतो. बायकोला, मुलीला सांगितलं नाही, पण धुळ्याला नवलभाऊंना फोन करून बोलावून घेतलं. म्हणालो, मी परत नाही आलो तर ममता हे सगळं भंगारवाल्याला देईल, तुम्ही घेऊन जा. त्यांनी किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वर पिन लावली. मी नाशिकला असताना ते दोनदा जळगावला येऊन गेले, ममताला काही हवं-नको बघायला. ममतानेच सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी ते तासभर आतल्या खोलीत बसले होते, एकटेच. "तुमची खोकी बघत असतील," ती म्हणाली होती, "माणूस अगदी कळवळलेला होता हो." तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता तोच तास मला वेगळा दिसायला लागला. एका तासात, सराईत हाताने, सदतीस खोकी होतात का? मी हिशोब करून बघितला. एका खोक्याला दीड मिनिट. नवलभाऊंच्या हातांना शक्य होतं.

त्यांच्या हातांची गोष्ट अशी की ते एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करायचे. आमची ओळखच एका संशयातून झाली. धुळ्याला आग्रा रोडवर खेळण्यांचं एक दुकान होतं. लहानपणी माझे वडील मला तिथून हात धरून पुढे ओढायचे, कारण काचेत ते समुद्री विमान होतं आणि कारकुनाच्या मुलाने ते नुसतं बघायचं असतं. पुढे मी तिशीत असताना कळलं की दुकान बंद झालं, मालक वारले आणि त्यांची बायको माळ्यावरचा माल काढते आहे. मी धावतपळत गेलो तर माझ्याआधी एक उंच, खाकी पँटमधला माणूस माळ्यावर बसून खोकी कानाशी हलवून बघत होता. मला वाटलं, हा सगळं घेऊन चालला. त्यालाही माझ्याविषयी तेच वाटलं. दोघांनी एकमेकांकडे चोरासारखं बघितलं आणि मग तो हसला. "मला जोडायला पाहिजेत," तो म्हणाला, "तुम्हाला?" मी म्हणालो, ठेवायला. मग भांडण कसलं? धड खोकी मला, फाटकी त्यांना, अशी वाटणी झाली. समुद्री विमानं दोन निघाली. एक अगदी कोरं, ते मी घेतलं. दुसऱ्याचं खोकं उंदरांनी खाल्लेलं आणि आतली पुढची काच, वैमानिकाच्या डोक्यावरचा तो पारदर्शक घुमट, नाहीशी झालेली. ते नवलभाऊंनी नेलं, जोडलं, रंगवलं, छताला टांगलं. वीस-बावीस वर्षं ते विमान त्यांच्या बैठकीत काचेविना उडतं आहे. मी गेलो की दर वेळी म्हणायचे, "प्रेमराज, तुझ्या खोक्यात याची काच आहे बघ. झोपलेली." आम्ही दोघंही हसायचो. त्या दुपारी मला ते हसू आठवलं. काचेचं वजन दीड ग्रॅम असेल. बाकीचे साडेसात कशाचे?

चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. ममताने विचारलं, दुखतंय का, मी म्हणालो, नाही. ती दुधाच्या पेल्यात काहीतरी ढवळत होती, मी विचारलं, काय घातलंस? तिने माझ्याकडे बघितलं आणि पेला ओट्यावर ठेवून दिला. हळद होती. संशय एकदा सुटला की तो घरभर फिरतो. मला स्वतःचीच लाज वाटत होती आणि ती वाटत असतानाच मी पेल्याच्या तळाशी बघत होतो. नवलभाऊंचा फोन आला, मी उचलला नाही. परत आला. का येतोय इतका? पूर्वी महिन्यातून एकदा यायचा. किल्ली त्यांनी मी घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आणून दिली होती, जणू हातात निखारा होता. तेही मला आता खटकलं. पाचव्या दिवशी ममताला सांगितलं की पेढीवर जाऊन तोंड दाखवून येतो, आणि धुळ्याची एस.टी. पकडली.

एरंडोल, पारोळा, गरम वारा, खिडकीच्या पत्र्याला हात लागला की चटका. सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधलेले, नुसते डोळे दिसत होते आणि सगळेच डोळे काहीतरी लपवत होते. मी छातीवर पिशवी धरून बसलो. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. सरळ विचारायचं नाही. सरळ विचारलं की माणूस सावध होतो. आधी इकडचं तिकडचं बोलायचं आणि हाताकडे बघत राहायचं. आणि जर खरंच घेतलं असेल तर? मी पोलिसात जाणार होतो की काय, प्लास्टिकच्या तुकड्यांसाठी? मला काय हवं होतं हे मला पारोळ्यापर्यंत माहीत नव्हतं. पारोळ्याला गाडी थांबली, एका बाईने खिडकीतून काकड्या आत केल्या, आणि मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. मला नवलभाऊंनी चोरी केलेली नको होती. माझ्या आयुष्यात एवढा एकच माणूस होता ज्याच्या बोलण्याकडे बघताना मी कधी अंगठा बघितला नव्हता. तो गेला तर मग मी कुणाकडे काय म्हणून बघणार होतो? मी काकडी घेतली नाही.

देवपूरच्या त्यांच्या घरात शिरताना वाकावं लागतं, कारण विमानं खाली लोंबतात. पंखा कधीच लावत नाहीत. विमानं एकमेकांवर आपटतील म्हणून. उकाड्यात त्यांची बायको गुंताबाई वर्तमानपत्राने वारा घेत दारात बसलेली होती. "आरे भाऊ!" ती उठली. "इतल्या उन्हामा? डाक्टरनी सांगेल शे ना घरमा ऱ्हावाले?" सोनगीरच्या पितळी तांब्यातून पाणी दिलं. ती मूळची चोपड्याकडची, कापूसवाल्यांच्या घरातली, आणि चाळीस वर्षं शहरात राहूनही तिने आपली बोली सोडलेली नाही. नवलभाऊ आतून आले. वाळले होते. त्यांनी मला मिठी मारली, मग छाती आठवून दचकून सोडलं. "फोन का नाही उचललास? मी केवढा घाबरलो." मी म्हणालो, फोन बिघडला होता. ते बोलायला लागले. शेजारच्याने गच्चीवर टाकी बसवली आणि पाणी आमच्या भिंतीत कसं उतरतं ते सांगितलं. मग मान पुसली, आणि शेजारच्याने गच्चीवर टाकी बसवली ते पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. माझ्या मनात पाल चुकचुकली. पाठ केलेलं बोलणारा माणूस तेच तेच बोलतो. हाताकडे बघितलं तर उजवा अंगठा बोटांवर घासत होता, थांबतच नव्हता. मग ते एकदम उठले. "थांब, उसाचा रस आणतो. बर्फ न घातलेला. मग तुला एक गंमत दाखवायची आहे." किटली घेऊन बाहेर पडले. गुंताबाईचा फोन वाजला म्हणून तीही दारापलीकडच्या सावलीत गेली. मी बैठकीत एकटा उरलो, तेही त्या घरात पहिल्यांदाच.

टेबलावर त्यांचा डबा होता. जोडणाऱ्या प्रत्येकाकडे असतो, उरलेल्या तुकड्यांचा, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मी झाकण काढलं. चाकं, पंख्याची पाती, बोटाच्या पेराएवढी माणसं. आणि सगळ्यांत वर, कापसात गुंडाळलेली, समुद्री विमानाची पुढची काच. स्वच्छ, नवी, एकही ओरखडा नसलेली. मी वर बघितलं. विमान अजून तसंच होतं, काचेविना, माझ्या डोक्यावर. ही काच कुठून येणार? बावीस वर्षं मिळाली नव्हती. जगभर शोधली होती, मीच शोधली होती त्यांच्यासाठी. आहे ती एका खोक्यात, आणि ते खोकं माझ्या कपाटात आहे. पेढीवर चोरी सापडते तेव्हा मला एक घाणेरडा आनंद होतो. तो इथेही झाला, हे मी लपवत नाही. बघितलंस? म्हटलं होतं ना? आणि त्याच्या मागोमाग फार वाईट वाटलं. मी काच उचलली, कापसासकट शर्टाच्या खिशात टाकली आणि झाकण लावलं. माझी वस्तू मी परत घेत होतो.

बाहेर गुंताबाई फोनवर भावाशी बोलत होती. घरात बसलेल्याला ऐकू जाईल असंच तिचं बोलणं असतं. दिवाळीत भरून ठेवलेला भावाचा कापूस आता वजनात कमी भरला होता आणि त्याचा संशय गड्यावर होता. "आरे सुपडू, घटीच ना भो! दिवाईले भरेल कापूस, आते वैशाख लागना. उन्हाया बठ्ठं पानी पी लेस. वल्ला व्हता तव्हय मोजेल, आते वायना." पलीकडून काहीतरी मोठमोठ्याने. "नही नही, त्या गडीनी काही लिधं नही. त्याले काब्र बोलस? पाप लागी. कापूस काय, दाय काय, कागद काय, उन्हामा बठ्ठं घटस. तुले इतलंबी समजस नही?"

मी उभाच होतो. कागद. पुठ्ठा. गणपतीत भिंतींना घाम आला होता. मी चिठ्ठीवर गोंद लावला तो दुपारपर्यंत वाळला नव्हता. मी पाऊस मोजला होता. सदतीस खोक्यांत भरलेला भाद्रपदातला पाऊस मी पेन्सिलीने लिहून ठेवला, आणि तो वैशाखात उडून गेला म्हणून चोर शोधायला निघालो. जेवढा पुठ्ठा मोठा तेवढी घट मोठी, जहाजाचे चौदा, लहानाचे चार. पट्ट्यांचा गोंद कडक होऊन टोकं आपोआप वळली. या जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या बाईला हे कळतं, डाळ मिलच्या हमालाला कळतं. सव्वीस वर्षं सोनं मोजणाऱ्या माणसालाच तेवढं कळत नाही, कारण त्याने कधी वाळणारी वस्तू मोजलेलीच नसते. मला हसू आलं, मोठ्याने. नवलभाऊंनी काही घेतलं नव्हतं. माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, आणि मग माझा हात खिशाकडे गेला. मग ही काच कुणाची? मी डब्याचं झाकण धरलं तेवढ्यात दारात किटली वाजली.

"हसतोस काय एकटाच?" नवलभाऊंनी पेले मांडले, पण रस ओतलाच नाही. लहान मुलासारखे घाईत होते. "आधी गंमत. चार महिने लागले मला. लाकडाचा ठोकळा तासला, विमानाच्या तोंडाएवढा. मग पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक गरम करून त्याच्यावर ओढलं. अकरा वेळा जळलं, फाटलं. तुझी काच एकदा नीट बघायची म्हणून तू नाशिकला असताना येऊन बसलो होतो. खोकं हातात घेतलं, पण उघडायचं धाडस झालं नाही रे. मग खोक्यावरचं चित्र बघून बघूनच केली. बारावी बरोबर आली." त्यांनी डबा मांडीवर घेतला. झाकण काढलं. बोटाने वरचे तुकडे बाजूला केले. मग खालचे. मग डबा टेबलावर उपडा केला. "इथेच होती. कापसात ठेवली होती." त्यांची बोटं थरथरत होती, अंगठा घासत होता तो या थरथरीमुळे, ते मला आत्ता दिसलं. "तू ये म्हणून तर फोन करत होतो."

आता टेबलाखाली वाकायचं आणि ही बघा इथे पडली म्हणायचं, हे मी मनात जुळवलंसुद्धा होतं. सोपं होतं. पण ते माझ्याआधीच गुडघ्यांवर बसले, टेबलाखाली, पलंगाखाली हात फिरवून उठले. आणि मग थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. "गुंता," त्यांनी हाक मारली, आवाज एकदम बारीक झाला होता. ती आत आली. "गुंता, मी काच केली होती ना? विमानाची? तू बघितली होतीस?" गुंताबाई माझ्याकडे बघू लागली, मग त्यांच्याकडे. "तुम्हीच सांगं व्हतं, व्हयनी म्हनीसन," ती हळू म्हणाली. "मी दखेल नही." ते खुर्चीवर बसले. "मग मी केलीच नसेल," ते म्हणाले. "नुसती मनात केली असेल." परवा गॅस चालू ठेवून गेले होते, गुंताबाई मला म्हणाली, जणू ते तिथे नव्हतेच, गेल्या आठवड्यात स्वतःच्या गल्लीत रस्ता चुकले. सोमवारी डॉक्टरकडे न्यायचं आहे, ते नाही म्हणतात. नवलभाऊ ऐकत होते. "आता नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "ने मला." आणि हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत बसले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

मी खिशातून कापूस काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "मी घेतली," मी म्हणालो. "आत्ता. तुम्ही रस आणायला गेलात तेव्हा. मला वाटलं, तुम्ही माझ्या खोक्यातून चोरली. गेले पाच दिवस मला तेच वाटतंय. मी चोर पकडायला आलो होतो, नवलभाऊ." आता ते उठतील, मला बाहेर काढतील, असं वाटलं, आणि ते मला हवंही होतं. त्यांनी कापूस उलगडला. काच बोटात धरली, उजेडात फिरवली. पत्र्याचं काम करणाऱ्याने कड तपासावी तशी तिची कड नखाने तपासली. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांचं तोंड लहान पोराचं असतं तसं उघडं पडलं. "म्हणजे होती," ते म्हणाले. "डब्यातच होती. म्हणजे मी इसरनू नही!" ते उठून उभे राहिले, एक विमान डोक्याला लागलं, त्यांचं लक्ष नव्हतं. "गुंता, दख! मी इसरनू नही! यानी लिधी व्हती, यानी!" त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले. माझी छाती दुखत होती आणि ते मला हलवत होते. "सांग तिले. तू घेतलीस ना? सांग."

"मी घेतली," मी म्हणालो.

"न विचारता?"

"न विचारता. चोरली."

"बघ! चोरली म्हणतो!" ते हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "परत सांग, प्रेमराज." मी परत सांगितलं. त्यांना तीन वेळा ऐकायचं होतं आणि मी तिन्ही वेळा सांगितलं, प्रत्येक वेळी जरा मोठ्याने. टाकीची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली होती, गॅस होता, गल्ली होती, हे मला माहीत होतं आणि गुंताबाईलाही माहीत होतं. पण तेवढ्या वेळापुरते नवलभाऊ बरे झालेले होते. मग ते खुर्ची ओढून वर चढले, ती काच विमानाला बसते का बघायला, आणि थरथरत्या हाताने, जीभ दातांत धरून, कामाला लागले.

गुंताबाईने पदराने डोळे पुसले. पेल्यांत रस ओतला, एक पेला माझ्या हातात दिला. माझ्या तोंडाकडे ती बघत नव्हती, खिशाकडे बघत होती.

"रस पी ल्या, मंग चहा करस," ती म्हणाली. "पन भाऊ, आते या खोलीमा बसू नका. दारमा बसा. मना समोर."

तिने उंबऱ्याजवळ पाट ठेवला. मी तिला ओळखतो त्या बावीस वर्षांत तिने मला कधी दारात बसवलं नव्हतं. मी त्यावर बसलो आणि रस प्यायला लागलो.